‘कन्व्हीन’ : बोलावणे, येणे आणि जमणे

शासकीय कार्यालयांतून निघणाऱ्या इंग्रजी पत्रांत, समित्यांच्या इतिवृत्तांत आणि अधिनियमांच्या इंग्रजी पाठांत ‘कन्व्हीन’ हे क्रियापद वारंवार आढळते. सभा ‘कन्व्हीन’ केली जाते, समितीला ‘कन्व्हीनर’ असतो आणि वार्षिक अधिवेशनाला ‘कन्व्हेन्शन’ म्हणतात. मराठीत लिहिताना सभा बोलावणे, सभा घेणे, सभा भरविणे, सभा आयोजित करणे यांपैकी जो प्रयोग हाताशी येईल तो वापरला जातो, आणि बहुतेक वेळा त्यामुळे काही बिघडत नाही. परंतु ‘समितीची सभा पाच तारखेस कन्व्हीन करण्यात आली’ असे वाक्य समोर आले म्हणजे भाषांतरकाराला थबकावे लागते. पाच तारखेस सभेची सूचना निघाली, की पाच तारखेस सभा प्रत्यक्ष भरली? इंग्रजी क्रियापद दोन्ही अर्थ पोटात घेऊन बसते. मराठीला त्यांतील एक निवडावा लागतो.

ही केवळ भाषांतराची अडचण नव्हे. माणसे एकत्र येतात तेव्हा ती आपण होऊन आली, की कोणी बोलावली म्हणून आली? बोलावण्याचा अधिकार कोणाचा? आणि ज्याचा अधिकार त्यानेच बोलावण्याचे टाळले तर काय? हे सारे प्रश्न या एका क्रियापदाच्या दोन हजार वर्षांच्या प्रवासात पुन:पुन्हा उपस्थित झालेले दिसतात. ग्रामपंचायतीच्या सभागृहापर्यंत ते येऊन पोहोचले आहेत.

मूळ धातू

‘कन्व्हीन’ हा शब्द इंग्रजीत पंधराव्या शतकात फ्रेंच आणि लॅटिन या भाषांमार्फत आला. त्याचे लॅटिन रूप ‘कॉन्वेनीरे’. त्यातील ‘कॉन’ किंवा ‘कॉम’ या उपसर्गाचा अर्थ ‘सह, एकत्र’ आणि ‘वेनीरे’ या क्रियापदाचा अर्थ ‘येणे’. म्हणजे शब्दश: ‘एकत्र येणे’. बोलावण्याची छटा मुळात नाही. ती मागाहून आली.

‘वेनीरे’ हे क्रियापद मराठी वाचकाला वाटते तितके परके नाही. संस्कृत, लॅटिन आणि इंग्रजी या एकाच भाषाकुलातील असल्यामुळे त्यांच्या ध्वनींत काही नियमित मेळ आढळतात. संस्कृतातील ग किंवा ज, लॅटिनमधील व आणि इंग्रजीतील क हे कित्येक शब्दांत एकमेकांच्या जागी उभे असतात. संस्कृत ‘जीव’, लॅटिन ‘वीवुस’ आणि इंग्रजी ‘क्विक’ ही तिन्ही एकाच मुळाची रूपे होत. ‘क्विक’चा जुना अर्थ ‘चपळ’ नसून ‘जिवंत’ असाच होता. याच न्यायाने संस्कृत ‘गम्’, लॅटिन ‘वेनीरे’ आणि इंग्रजी ‘कम’ हे तीन धातू सख्खे भाऊ ठरतात. संस्कृताने त्याचा अर्थ प्रामुख्याने ‘जाणे’ असा ठेवला, लॅटिन व इंग्रजीने ‘येणे’ असा. दिशा बदलली, पाय तेच राहिले.

मग ‘कॉन्वेनीरे’ला संस्कृतात नेमका जोड कोणता? अर्थाच्या आणि धातूच्या दृष्टीने तो ‘संगम’ होय. मात्र ‘कॉन’ आणि ‘सम्’ हे उपसर्ग एका मुळाचे नाहीत. ‘सम्’चे नातेवाईक इंग्रजीत दुसरीकडे सापडतात. ‘सेम’ म्हणजे ‘तोच’ हा त्यांतला एक. दुसरा ‘असेम्बल’ या क्रियापदात दडलेला आहे, कारण ते लॅटिन ‘सिमुल’ म्हणजे ‘एकाच वेळी, एकत्र’ या शब्दावरून आले. अशा रीतीने ‘संगम’ शब्दाचा उत्तरार्ध ‘कन्व्हीन’मध्ये आणि पूर्वार्ध ‘असेम्बल’मध्ये वाटला गेला आहे. ऋग्वेदाच्या अखेरच्या सूक्तात एकत्र येण्याविषयी जे क्रियापद योजिले आहे ते ‘सम्’ आणि ‘गम्’ यांचेच. व्यवहारात मात्र फरक पडला. कराडला कृष्णा आणि कोयना एकमेकींना भेटतात त्याला मराठीत संगम म्हणतात, पण इंग्रजीत नद्या कधी ‘कन्व्हीन’ होत नाहीत. ते क्रियापद माणसांसाठी, आणि तेही काही ठरविण्यासाठी जमणाऱ्या माणसांसाठी राखून ठेवलेले आहे.

‘वेनीरे’ची इतर संतती मोठी आहे. आधी येऊन अडविणे ते ‘प्रिव्हेन्ट’, मध्ये येणे ते ‘इंटरव्हीन’, शोधता शोधता एखाद्या वस्तूवर येणे ते ‘इन्व्हेन्ट’. ‘रेव्हेन्यू’ हा शब्दही त्याच घरचा. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ ‘परत आलेले’, म्हणजे जमिनीतून किंवा मालमत्तेतून मालकाकडे येणारे उत्पन्न. मराठीतील ‘महसूल’ हा शब्द अरबीतून आला असून त्याचा अर्थ ‘हाती आलेले’ असा आहे. दोन वेगळ्या भाषाकुलांनी सरकारी उत्पन्नाकडे एकाच नजरेने पाहिले, हे गमतीचे आहे. प्रवासभत्त्याच्या संदर्भात ऐकू येणारा ‘कन्व्हेयन्स’ हा शब्द मात्र या घराण्यातला नव्हे. तो लॅटिन ‘विया’ म्हणजे ‘रस्ता’ या शब्दावरून आला. ‘कन्व्हीनियन्स’शी होणारी त्याची गल्लत केवळ कानाची आहे.

रोममधील दोन सभा

‘एकत्र येणे’ या साध्या अर्थाला अधिकाराची जोड रोममध्ये मिळाली. प्रांताचा रोमन अधिपती ठरावीक गावी मुक्काम करी, तेथे आसपासच्या मुलखातील लोक आपली गाऱ्हाणी व दावे घेऊन येत. या न्यायदानाच्या बैठकीस ‘कॉन्वेन्टुस’ म्हणत. इसवी सनापूर्वी ५८ मध्ये गॉलमधील पहिल्या वर्षाची मोहीम आटोपल्यावर ज्युलियस सीझर आल्प्सच्या अलीकडील प्रांतात गेला तो या बैठका घेण्यासाठी, असे त्याने स्वत:च नोंदविले आहे. पाऊस संपल्यावर तंबू घेऊन तालुक्यातालुक्यांत मुक्काम करणाऱ्या ब्रिटिश अमदानीतील कलेक्टराची आठवण यावी असेच ते चित्र आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट रोम शहरातील सभांची. तेथे लोकांना एकत्र आणण्याचे दोन प्रमुख प्रकार होते आणि दोहोंची नावे ‘एकत्र येणे-जाणे’ याच कल्पनेवरून पडली होती. पहिली ‘कॉन्तियो’. हा शब्द ‘को-वेन्तियो’ म्हणजे ‘एकत्र येणे’ याचा झिजलेला आकार होय. इसवी सनापूर्वी १८६ मधील एका कांस्यपटात तो जुन्या, न झिजलेल्या रूपात कोरलेला आहे. दुसरी ‘कॉमितिया’. हा शब्द ‘कॉम’ आणि ‘इ’ म्हणजे ‘जाणे’ या धातूपासून बनला. संस्कृतातील ‘इ’ धातू तोच. ‘सम्’ आणि ‘इ’ मिळून ‘समिती’ झाली आणि ‘कॉम’ आणि ‘इ’ मिळून ‘कॉमितिया’. घडण अगदी एकसारखी. अथर्ववेदात सभा आणि समिती यांना प्रजापतीच्या दोन कन्या म्हटले आहे. रोममध्येही भावंडे दोनच होती, पण त्यांच्या नशिबात फार अंतर होते.

‘कॉन्तियो’त लोक उभे राहून ऐकत. सभा बोलावणारा अधिकारी भाषण करी किंवा त्याच्या अनुमतीने दुसरा कोणी करी. लोक ओरडत, टाळ्या वाजवीत, क्वचित धुडगूसही घालीत, पण मत देत नसत. मतदान होई ते ‘कॉमितिया’त. कायदे तेथे संमत होत, अधिकारी तेथे निवडले जात. म्हणजे एकाच नगरात, बहुधा त्याच लोकांना, कधी ऐकण्यासाठी बोलावले जाई आणि कधी ठरविण्यासाठी. बोलावण्याचा अधिकार दोन्ही ठिकाणी अधिकाऱ्याचाच. सामान्य नागरिकाने बोलावलेली सभा ही रोमन कायद्याच्या दृष्टीने सभाच नव्हे. ‘कॉन्तियो’ आणि ‘कॉमितिया’ यांतील भेद आजच्या कोणत्याही सभेला लावून पाहण्यासारखा आहे. विषयपत्रिकेवर वीस विषय, प्रत्येकापुढे ‘माहितीस्तव’ असा शेरा, आणि अखेरीस आभार, असे जेथे घडते तेथे नाव समितीचे असले तरी काम ‘कॉन्तियो’चेच चाललेले असते.

रोमन पद्धतीतील एक तपशील ग्रामीण भागातील वाचकांना विशेष जवळचा वाटेल. रोममध्ये दर आठव्या दिवशी बाजार भरे. दोन्ही टोकांचे दिवस धरून मोजण्याच्या त्यांच्या रीतीमुळे त्याचे नाव ‘नऊ दिवसांचा’ असे पडले होते. (सात दिवसांच्या काळाला मराठीतही ‘आठवडा’ म्हणतात, तेव्हा रोमन लोकांस हसण्याचे कारण नाही.) नव्या कायद्याचा मसुदा जाहीर झाल्यावर तीन बाजार लोटल्याखेरीज त्यावर मतदान घेऊ नये असा दंडक होता आणि इसवी सनापूर्वी ९८ मधील एका कायद्याने तो पक्का करण्यात आला. खेड्यातील शेतकरी बाजारासाठी शहरात येई, मसुद्याची वार्ता त्याच्या कानी पडे, आणि विचार करावयास त्याला अवधी मिळे. सभेची सूचना किती दिवस आधी द्यावी हा आजच्या नियमावल्यांतील रूक्ष वाटणारा प्रश्न अशा रीतीने आठवडी बाजारात जन्मला आहे.

इंग्रजीतील शेजारी

इंग्रजीत एकत्र येण्याबद्दल पुष्कळ क्रियापदे आहेत आणि प्रत्येकाच्या मुळाशी वेगळे चित्र आहे. ‘काँग्रिगेट’मध्ये लॅटिन ‘ग्रेक्स’ म्हणजे ‘कळप’ आहे. म्हणून त्यात शेजारी शेजारी गोळा होण्याची भावना अधिक, विचारविनिमयाची कमी. ‘मस्टर’ हे ‘दाखविणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आले. सैनिकांना रांगेत उभे करून दाखविणे, मोजणे म्हणजे ‘मस्टर’. रोजगार हमीच्या कामावरील ‘मस्टर’ गावोगावी सर्वांना ठाऊक आहे. तेथे मजूर खरोखरच उपस्थित आहे हे दाखविणे हाच त्या कागदाचा हेतू असल्यामुळे मूळ अर्थ अगदी शाबूत राहिला, असे म्हणावे लागेल. ‘समन’ हे ‘सूचित करणे, बजावणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून आले. न्यायालयाच्या ‘समन्स’मुळे त्याचा धाक मराठी माणसालाही परिचित आहे.

‘कन्व्हीन’ या सर्वांच्या मध्ये उभे आहे. ते कळपाचे नाही आणि हुकमाचेही पूर्णत: नाही. एके काळी ‘न्यायासनापुढे हजर करणे’ असाही त्याचा अर्थ होता, तो मागे पडला. राहिले ते दोन उपयोग. सदस्य ‘कन्व्हीन’ होतात, म्हणजे जमतात; आणि कोणी सदस्यांना ‘कन्व्हीन’ करतो, म्हणजे जमवितो.

या मधल्या जागेमुळेच इंग्लंडच्या इतिहासात दोनदा हे शब्दकुल कामी आले. इंग्लंडची संसद भरावयाची तर राजाची आवाहनपत्रे निघावी लागत. त्यांवाचून भरलेली सभा संसद नव्हे. १६६० मध्ये देशात राजाच नव्हता. तेव्हा निवडून आलेली सभा २५ एप्रिल रोजी भरली आणि तिने दुसऱ्या चार्ल्सला परत बोलाविले. १६८८ च्या डिसेंबरात दुसरा जेम्स पळून गेला. जाण्यापूर्वी त्याने नव्या संसदेची आवाहनपत्रे जाळून टाकली आणि राजमुद्रा थेम्स नदीत फेकली. मुद्रा नाही, पत्रे नाहीत, म्हणजे संसद भरणार नाही, असा त्याचा हिशेब होता. तो चुकला. २२ जानेवारी १६८९ रोजी प्रतिनिधी जमले आणि पुढे त्यांनी विल्यम व मेरी यांस राज्य दिले. या दोन्ही सभांना इतिहासात ‘कन्व्हेन्शन’ म्हणतात, कारण त्या बोलावल्या गेल्या असे काटेकोरपणे म्हणता येत नव्हते. त्या ‘एकत्र आल्या’ एवढेच खरे होते. शब्द पुन्हा आपल्या मूळ अर्थावर गेला. गंमत अशी की दोन्ही सभांनी नंतर स्वतंत्र कायदा करून आपण रीतसर संसदच आहोत असे जाहीर केले. केवळ जमणे पुरेसे नाही, अधिकृतपणे जमणे आवश्यक आहे, ही जाणीव त्यांनाही सुटली नाही.

पुढे १७८७ मध्ये फिलाडेल्फिया येथे अमेरिकेचे संविधान तयार करणारी सभा आणि १७९२ मध्ये राजेशाही रद्द करणारी फ्रान्सची राष्ट्रीय सभा यांनाही हेच नाव मिळाले. भारतीय संविधानाने अनुच्छेद ८५ व १७४ यांच्या इंग्रजी पाठात संसद व विधिमंडळ यांच्यासाठी ‘समन’ हेच क्रियापद योजिले, पण त्याबरोबर एक मर्यादाही घातली. एका सत्राची अखेरची बैठक आणि पुढील सत्राची पहिली बैठक यांत सहा महिन्यांचे अंतर पडता कामा नये. बोलावण्याचा अधिकार दिला, न बोलावण्याचा दिला नाही.

जमणे आणि ‘जमणे’

लॅटिन ‘कॉन्वेनीरे’चा दुसरा अर्थ ‘पटणे, मानवणे, सोयीचे असणे’ असा होता. त्यातून ‘कन्व्हीनियन्ट’ म्हणजे सोयीचे, ‘कव्हेनन्ट’ म्हणजे पाळावयाचा करार, आणि ‘कन्व्हेन्शन’ म्हणजे एका बाजूस आंतरराष्ट्रीय करार तर दुसऱ्या बाजूस लोकांनी न लिहिता मान्य केलेला संकेत, असे शब्द निघाले. पाणथळ जागांच्या रक्षणासाठी इराणमधील रामसर येथे १९७१ साली झालेला करार ‘कन्व्हेन्शन’च होय. त्याच्या यादीत २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचा समावेश झाला. जोगिणींच्या मठाला ‘कॉन्व्हेन्ट’ म्हणतात तेही एकत्र राहण्यावरून. लंडनमधील ‘कॉव्हेन्ट गार्डन’ हे वेस्टमिन्स्टरच्या मठाच्या बागेचे नाव आहे. शहर वाढले, बाग गेली, नाव राहिले.

एकत्र येणे आणि पटणे हे दोन अर्थ एका शब्दात कसे नांदतात, याचे कोडे इंग्रजी शिकणाऱ्यास पडते. मराठी वाचकाला मात्र ते पडण्याचे कारण नाही. अरबी ‘जमा’शी जोडले जाणारे मराठी ‘जमणे’ हे क्रियापद हेच काम रोज करीत असते. माणसे जमतात, पैसे जमतात. ‘मला उद्या यायला जमेल’ म्हणजे सोयीचे होईल. ‘त्या दोघांचे जमत नाही’ म्हणजे पटत नाही. आणि ‘लग्न जमले’ म्हणजे दोन्ही घरांचा करार झाला. ‘कन्व्हीन’, ‘कन्व्हीनियन्ट’ आणि ‘कव्हेनन्ट’ हे तीन शब्द शिकविताना शिक्षकाने ‘जमणे’ची ही तीन वाक्ये फळ्यावर लिहिली तर वेगळ्या स्पष्टीकरणाची गरज उरणार नाही. ‘मिळणे’ आणि ‘मेळ’ यांचीही तीच रीत आहे. मेळावा भरतो आणि मेळ बसतो.

पण मेळावा भरला म्हणजे मेळ बसतोच असे नाही. मराठीच्या इतिहासात याचे ठळक उदाहरण आहे. १८७८ साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख यांच्या पुढाकाराने पुण्यात मराठी ग्रंथकारांची पहिली सभा भरली. १८८५ मध्ये दुसरी भरावयाची होती. तिचे निमंत्रण महात्मा जोतीराव फुले यांस गेले. जोतीरावांनी येण्याचे नाकारले आणि नाकारण्याची कारणे पत्राने कळविली. ते पत्र त्याच वर्षी ‘ज्ञानोदय’त छापून आले. जे लोक सर्व माणसांचे मानवी हक्क उघडपणे मान्य करीत नाहीत व तसे वागत नाहीत त्यांच्या सभा आणि त्यांची पुस्तके यांच्याशी आपल्या सभांचा आणि पुस्तकांचा मेळ बसणार नाही, असा त्याचा आशय होता. निमंत्रण रीतसर होते, निमंत्रकांच्या सचोटीविषयीही शंका नव्हती. उणीव होती ती ‘कॉन्वेनीरे’च्या दुसऱ्या अर्थाची. ज्यांचे पटण्यासाठी आधी काही करावे लागते त्यांना केवळ बोलावून भागत नाही, हे जोतीरावांनी ज्या स्पष्टपणे सांगितले तसे क्वचितच कोणी सांगितले असेल.

मराठीतील शब्द

महाराष्ट्रात राजभाषा अधिनियम १९६४ साली झाला आणि शासनव्यवहारासाठी मराठी परिभाषा घडविण्याचे काम मोठ्या प्रमाणावर झाले. ‘कन्व्हीनर’साठी ‘निमंत्रक’ हा शब्द रूढ झाला. सार्वजनिक संस्थांत ‘संयोजक’ही चालतो. ‘संयोजक’ म्हणजे जुळणी करणारा. तो मंडपापासून जेवणापर्यंत सर्व पाहतो. ‘निमंत्रक’ शब्दाची योग्यता निराळी आहे. पाणिनीने विध्यर्थी रूपे कोणकोणत्या प्रसंगी योजावीत ते सांगताना ‘निमंत्रण’ आणि ‘आमंत्रण’ हे शब्द वेगवेगळे दिले आहेत. ‘काशिका’ वृत्तीने त्यांतील भेद स्पष्ट केला तो असा की, आमंत्रणास यावे की न यावे हे बोलावलेल्याच्या इच्छेवर असते. निमंत्रणास यावेच लागते. लग्नपत्रिकांनी हा भेद केव्हाच पुसून टाकला. पण समितीच्या सदस्याला सभेचे जे पत्र येते ते निमंत्रण होय, आमंत्रण नव्हे, हे व्याकरणानेही सिद्ध आहे. निमंत्रक म्हणजे अध्यक्ष नव्हे, हेही येथे नमूद करावयास हवे. एक बोलावतो, दुसरा चालवितो. दोन्ही कामे एकाच व्यक्तीकडे असू शकतात, पण ती दोन आहेत.

जुन्या मराठी व्यवहारात बोलावणाऱ्यापेक्षा हजर असणाऱ्याला अधिक मान होता असे दिसते. सतराव्या-अठराव्या शतकांत वतनाचे तंटे गोतसभेपुढे येत. निकालाच्या कागदाला ‘महजर’ म्हणत आणि त्यावर ‘हाजिर मजलस’ म्हणून उपस्थितांची नावे येत. ‘मजलस’ म्हणजे बसण्याची जागा, बैठक. ‘महजर’ आणि ‘हजर’ एकाच अरबी धातूचे. सभा कोणी बोलावली याहून तेथे कोण कोण बसले होते, कोणासमक्ष ठरले, यावर निकालाचे वजन अवलंबून असे. इंग्रजी परंपरेचा भर आवाहनपत्रावर, मराठी परंपरेचा उपस्थितांच्या यादीवर. आजच्या नियमांनी दोन्ही घेतले आहेत: सूचना हवी आणि गणपूर्तीही हवी. (गणपूर्तीचा इंग्रजी प्रतिशब्द ‘कोरम’ म्हणजे लॅटिनमध्ये केवळ ‘ज्यांपैकी’. न्यायाधीशांच्या नेमणूकपत्रातील ‘ज्यांपैकी अमुक उपस्थित असावेत’ या वाक्यातला पहिला शब्द तेवढा उचलला गेला.)

ग्रामपंचायतीत

१९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम ३५ सरपंच किंवा उपसरपंच यांच्यावरील अविश्वास प्रस्तावासंबंधी आहे. एरवी पंचायतीची सभा सरपंच बोलावतो. परंतु त्याच्याच विरुद्ध प्रस्ताव असेल तर? सतराव्या शतकातील इंग्रज प्रतिनिधींपुढे जो पेच होता तोच, आकाराने लहान होऊन, येथे उभा राहतो. अधिनियमाने तो राजमुद्रा नदीत पडेपर्यंत वाट न पाहता सोडविला. सदस्यांनी सूचना तहसीलदाराकडे द्यावयाची, तिच्या प्राप्तीपासून सात दिवसांच्या आत तहसीलदाराने विशेष सभा ‘कन्व्हीन’ करावयाची आणि त्यानेच अध्यक्षस्थान घ्यावयाचे. ज्याच्यावर आक्षेप आहे त्याच्या हातून बोलावण्याचा आणि चालविण्याचा असे दोन्ही अधिकार त्या सभेपुरते काढून घेतले आहेत.

आणि येथेच सुरुवातीचा प्रश्न पुन्हा भेटतो. सात दिवसांच्या आत ‘कन्व्हीन’ करणे म्हणजे सूचना काढणे, की सभा भरणे? शब्दाच्या मुळाकडे पाहिले तर माणसे एकत्र आल्यावाचून ‘कॉन्वेनीरे’ पूर्ण होत नाही. कागद निघाला म्हणजे कोणी ‘आले’ असे होत नाही. अर्थात कायद्याचा अर्थ त्याच्या हेतूवरून आणि न्यायनिर्णयांवरून ठरतो. व्युत्पत्तीचा कौल न्यायालयास बंधनकारक नसतो. तरीही सातव्या दिवशी केवळ सूचनेवर सही करून निश्चिंत होऊ पाहणाऱ्या अधिकाऱ्याने या धातूचे स्मरण ठेवलेले बरे.

ग्रामसभेच्या बाबतीत कायद्याने उलट बाजूने बंदोबस्त केला. पुरेशा कारणाशिवाय ठरलेल्या ग्रामसभा न घेणारा सरपंच अपात्र ठरू शकतो. नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आहे. गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती. गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या सभेस पुन्हा गणपूर्तीची अट नसते. व्यवहाराच्या सोयीसाठी ठेवलेली ही सवलत दुधारी आहे. पहिली सभा मुद्दाम अशा दिवशी ठेवावी की कोणी येऊ नये, आणि दुसरी दहा जणांत उरकून लाभार्थ्यांची यादी मंजूर करावी, अशी तक्रार अनेक गावांत ऐकू येते. तेथे ‘कन्व्हीनियन्ट’ हा शब्द निमंत्रकाच्या बाजूने वळविलेला असतो. पेरणीच्या दिवशी भर दुपारी बोलावलेली सभा कागदोपत्री ‘कन्व्हीन’ होते. ती जमत नाही.

याउलट गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने जमण्याची स्वत:ची रीत घातली. तेथे निर्णय बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने घेतले जातात. एखाद्या विषयावर पटले नाही तर तो पुन्हा पुन्हा चर्चेस येतो, आणि माहिती मिळविण्यासाठी वेगळे अभ्यासगट बसतात. निर्णय आणि अभ्यास यांच्या बैठका अशा निराळ्या ठेवणे हे रोमन लोकांच्या दोन सभांची आठवण करून देते, फक्त येथे ऐकणाऱ्यालाही प्रश्न विचारता येतो. २००९ साली या गावाला वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाले. देशातील अशा अगदी पहिल्या गावांत त्याची गणना होते. त्या यशामागे एकत्र येणे आणि पटणे हे दोन्ही अर्थ होते.

इतिवृत्त लिहिणाऱ्यांच्या दृष्टीने पाहता, इंग्रजी ‘कन्व्हीन’ने झाकून ठेवलेल्या पायऱ्या मराठीत उघडपणे वेगळ्या करता येतात. ‘सभा बोलावली’ हे सूचनेच्या दिनांकासाठी, ‘सभा भरली’ हे गणपूर्ती झाल्याच्या वेळेसाठी, ‘सभा तहकूब झाली’ हे गणपूर्ती न झाल्यास, आणि ‘सभेने ठरविले’ हे निर्णयासाठी. ‘सभा आयोजित करण्यात आली’ हा सध्या फार लोकप्रिय असलेला प्रयोग यांपैकी काहीच निश्चितपणे सांगत नाही. इतिवृत्तात सूचनेचा दिनांक, सभा भरल्याची वेळ आणि हजर असलेल्यांची नावे या तीन गोष्टी आल्या, तर पुढे वाद उपस्थित झाल्यावर तहसीलदारास किंवा न्यायालयास क्रियापदाचा अर्थ लावीत बसावे लागणार नाही.